‘फक्त’ फुटलं नाही

परवा बुलढाण्यात झेरॉक्सच्या दुकानात गरम टोनरचा वास आला आणि मोताळ्याचं ते दुकान आठवलं. तिथे मी लग्नपत्रिका टाईप करायचे.

जुना कॉम्प्युटर जळाला, तेव्हा त्यावरचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्यावर नीट चालेना; जोडाक्षरं फुटायची. शेवटी नव्याच्याच आत जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा प्रोग्राम बसवून मी ते चालवलं.

मालक म्हणाले, “काहीतरी काढून दाखव. लिही, ऑपरेटर पाहिजे, फक्त मुलगा.”

माझं सगळं लक्ष अक्षरांवर होतं. ऊन ऊन कागद हातात घेऊन मी ओरडले, “भाऊ, पाहा, ‘फक्त’ फुटलं नाही!” तो आनंद आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

“हाव, आता कोनीबी चालवीन,” ते हसत म्हणाले. “दारावर चिकटव अन् घरी जाय.”