टोपली उतरवण्याआधी

जेसल पार्कच्या आमच्या सोसायटीत दुपारच्या सुमारास एक मावशी जवळच्या मुर्धा गावाहून मासळी घेऊन यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. डोक्यावरची टोपली उतरवण्याआधी त्या मला विचारायच्या, "जेवलास का, भाऊ?" गाव सोडून इथे वॉचमन झाल्यापासून हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. बरं वाटायचं. तरी मी नुसतं "हो" म्हणायचो.

त्यांचा मुलगा परदेशात आहे. नात तिकडेच जन्मली, तिला फक्त इंग्रजी येतं. एका शनिवारी मावशींनी कागद पुढे केला, रविवारच्या फोनवर नातीला विचारायला. दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरकडून लिहून आणलेलं, देवनागरीत: डिड यू ईट?

"टीचर बोलल्या, इंग्रजीत हाऊ आर यू विचारतात. पन त्यात जेवनाचं कुठं हाय? तू शिकलेला हायस, बरोबर बोलते का आयक."

सातवीत शाळा सोडलेला मी. घाबरतच मान डोलावली.

सोमवारी त्यांनी आल्या आल्या टोपली उतरवली, जेवणाचं विचारलंच नाही. मी फोनचं विचारल्यावर म्हणाल्या, "येस बोलली, नि फोन बापाकडं दिला." मग टोपलीवरचं फडकं नीट करत म्हणाल्या, "हिंदीत विकते, गुजरातीत विकते. नातीशी एका शब्दाच्या पुढं जाता येत न्हाय."

टोपली डोक्यावर घेऊन निघताना त्यांनी सवयीने विचारलं, "जेवलास का?"

"दोन चपात्या खाल्ल्या, मावशी. बटाट्याची भाजी केली होती, ती जरा करपली."

"तेल कमी पडलं आसंल," त्या म्हणाल्या, आणि टोपली पुन्हा खाली ठेवली.