बरोबर रडली ना मी?

मैत्रिणींनो, आज आमच्या घरी ह्यांचं वर्षश्राद्ध झालं.

वर्षापूर्वी बापाच्या प्रेतापाशी माझी लेक शांता रडली नव्हती. तेव्हापासून सारं गाव तिला दगडाच्या काळजाची म्हणतं. पण ती रोज कंदील लावला की बापाचा तांब्या पाण्यानं भरून त्याच्या खाटेपाशी ठेवते. ते कोणी पाहिलं नाही.

आज जेवणं उरकल्यावर जमलेल्या बायांनी गळा काढला, तेव्हा नणंदेनं शांताच्या दंडाला चिमटा काढला. "रड ना वं! गोटा हायेस काय तू?"

शांतानं बायांकडे नीट पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि त्यांच्यासारखाच गळा काढला. बाया समाधानानं घरी गेल्या.

मग तिनं मला विचारलं, "माय, बरोबर रडली ना मी?"

मी हो म्हटलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली. तांब्या आज पहिल्यांदाच रिकामा राहिला.

आपण तिला काय शिकवलं, बायांनो?