फळीवरचं जठर

बायकोवर छाप पाडायला मी स्वयंपाकघरातले डबे उंचीनुसार लावले. लेक आली आणि फळीकडे पाहून किंचाळलीच. "बाबा, माझं जठर कुठे गेलं?"

मी हादरलो. पुस्तकातली अक्षरं तिच्यापुढे नाचतात, म्हणून बाईंनी तिला धड्यातली एकेक गोष्ट घरातल्या वस्तूंवर क्रमाने ठेवून लक्षात ठेवायला शिकवलंय. साखरेवर तोंड, तांदळावर जठर, शेवयांवर आतडी. उद्या तोंडी परीक्षा, आणि अख्खी पचनसंस्था मी विस्कटली होती! आपण ज्याला पसारा म्हणतो, तिथे कुणाची बुद्धी नीट मांडून ठेवलेली असते.

"मी लावतो परत," मी पुटपुटलो.

"नको," बायको म्हणाली. "तीच लावेल, मोठ्याने धडा म्हणत. तुम्ही हात मागे बांधून ऐका फक्त."