आखाजीला माहेरी, ट्रॅक्टर ओढायला

वजनं उचलायला लागले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती, आणि त्याआधीची काही वर्षं मी पाण्याची बादलीसुद्धा अर्धीच भरत होते. कमरेतली गादी सरकली होती. त्या वेळी नंदुरबारजवळच्या धानोऱ्याहून, माझ्या माहेराहून, माझी आई, म्हणजे माय, नाशिकला येऊन राहिली. मला कुशीवर वळवण्यापासून न्हाऊ घालण्यापर्यंत सगळं तिने केलं. कंबर बरी झाली, भीती मात्र मुक्कामाला राहिली. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, आता जपत बसू नका, ताकद वाढवा. मी जिममध्ये गेले आणि तिथे स्ट्राँगमन नावाच्या खुळाच्या नादी लागले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात आरशासमोर दंड फुगवायचे नसतात. दोन्ही हातांत ओझं घेऊन चालायचं, गोणी छातीशी धरून न्यायची, टायर उलथायचा, दगड कवेत घेऊन उचलायचा आणि शेवटी अंगाला पट्टा बांधून एखादी गाडी ओढायची. नवशिक्यांसाठी, बायकांसाठीसुद्धा, छोट्या स्पर्धा होतात. अशाच एका स्पर्धेत नाव द्यायचं माझ्या प्रशिक्षक बाईंनी सुचवलं. सगळं जमत होतं, पण गाडी ओढण्याची वेळ आली की माझे पाय थिजायचे. कमरेत कळ निघेल अशी भीती वाटायची. बाई म्हणाल्या, "एकदा खरी गाडी ओढून या, मग नाव द्यायचं की नाही ते ठरवा."

गाडी म्हटल्यावर मला माझा धाकटा भाऊ भूषण आणि त्याचा पपईच्या ओळींतून चालणारा छोटा ट्रॅक्टर आठवला. आखाजी जवळ आली होती. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात आखाजी म्हणतात, आणि त्या सणाला लेकी माहेरी जातात. शाळेला सुट्टी लागलीच होती (मी गणित शिकवते). म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.

नाशिकहून नंदुरबारला एसटी साक्रीमार्गे गेली. अर्धा दिवस मोडतो, पण बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर पहाटेचीच गाडी धरा. साक्रीनंतर खिडकीतून येणारा वारा उघड्या चुलीसमोर बसल्यासारखा लागतो. नंदुरबारला स्टँडबाहेर उसाचा रस प्या, गावाकडे सहा आसनी रिक्षा मिळतात. मला न्यायला भूषण मोटारसायकलवर आला होता. माझ्या पिशवीतला खांद्या-छातीवरून बांधायचा पट्टा पाहून त्याने आधी विचारलं, हे बैलाचं आहे का. मग खरं कळल्यावर म्हणाला, "ताई, लोके आखाजीले झोका खेळाले येतस. तू ट्रॅक्टर वढाले उनी?"

"हाव," मी म्हटलं. तो घर येईपर्यंत हसत होता.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी पाण्याचे दोन कॅन भरून घेतले आणि अंगणात चालायला सुरुवात केली. छाती वर, पावलं छोटी, नजर समोर. नवशिक्यांनी याच व्यायामापासून सुरुवात करावी, कारण यात चूक झाली तर हातातलं ओझं फक्त खाली ठेवायचं असतं. कडुलिंबाला दोन फेरे झाले नसतील, तोच माय ओसरीवरून उतरली आणि माझ्या उजव्या हातातला कॅन तिने काढून घेतला.

"दोन नको. एक बस शे," ती म्हणाली. "कंबर शे का लोखंड शे?"

"माय, एकाच हातात धरलं तर कंबर वाकडी होते. दोन बरे."

"दवाखानामा कोन बसनं व्हतं? मीच ना?"

कॅन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. सत्तरीची बाई, सहज उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी पितरांच्या नावाने घागर भरली. मग खापरावरचे मांडे, आंब्याचा रस आणि तळलेल्या कुरडया. खाऊन माणूस आडवा होतो, म्हणून त्या दिवशी कसल्याही पराक्रमाचा बेत ठेवू नये. मी ठेवला. बायका दुपारपासून कडुलिंबाच्या झोक्यावर होत्या. माझी शाळेपासूनची मैत्रीण संगी आता गुजरातेत असते, तीही आली होती. झोका इतका उंच चढवत होती की खालच्या बायका तिला सांभाळून घे म्हणत होत्या आणि ती ऐकत नव्हती. आखाजीला लेकीला सगळं माफ असतं.

संध्याकाळी भूषणने घरामागच्या कच्च्या वाटेवर ट्रॅक्टर आणला. गिअर काढला, आणि शेतातला निळा नायलॉनचा दोर माझ्या पट्ट्याला बांधला. मी वाकले, जोर लावला. पाय धुळीत घसरत होते. आणखी जोर लावला आणि दोर तुटला. मी तोंडावरच पडले. तळहात सोलवटले, नाकात माती गेली. ट्रॅक्टर तसूभरही हलला नव्हता.

पडल्यावर मी पहिल्यांदा कंबर चाचपली. कळ नव्हती, पण उठायची हिंमत होईना. तोवर माय धावत आली होती. ती रागावली नाही. माझ्या तळहातांतले खडे वेचून तिने हळद लावली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. जेवताना तिने एवढंच सांगितलं, की आता पुरे झालं. मीही मान हलवली. नाव द्यायचं नाही, असं त्या वेळी माझ्याही मनाने घेतलं होतं.

घरातला ताण घालवायला भूषणने दुसऱ्या दिवशी एक गाडी भाड्याने घेतली आणि सातपुड्यातलं थंड हवेचं तोरणमाळ काढलं. माय, मी, भूषण आणि त्याची बायको वैशाली. प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडायची, शहाद्याला पेट्रोल भरून घ्यायचं (पुढे भरवसा धरू नका), मग राणीपूरवरून घाट. वळणं जबर आहेत. घाटात गाडी पहिल्या गिअरवरच ठेवा, आणि समोरून जीप आली तर मानपान न बघता बाजूला घ्या. वर पोचल्यावर हवा बदलते, अंगावरचा घाम वाळतो. मुक्काम करायचा असेल तर आधी फोन करून खोली ठरवा. जेवण साधं मिळतं, दीडशे रुपयांत पोट भरतं. घराघरापुढे कैऱ्यांच्या फोडी वाळत पडल्या होत्या. या डोंगरातला आमचूर खूप चांगला असतो, तो घेतल्याशिवाय उतरू नका. मायने बराच घेतला.

यशवंत तलावाचं पाणी उन्हाळ्याने मागे हटलं होतं आणि काठावर दगड उघडे पडले होते. त्यातला एक गोल, काळसर, बसक्या घागरीएवढा. त्याच्याकडे बघू नये असं मी बराच वेळ ठरवत होते. शेवटी चप्पल काढली. पाय रुंद केले, खाली बसले, दगड आधी मांडीवर घेतला, मग कवेत धरून उभी राहिले. तळहात चुरचुरले. कमरेने मात्र हूं की चूं केलं नाही.

म्हशींना पाणी पाजायला आलेला एक माणूस थांबून बघत होता.

"कुठे नेताय दगड?"

"कुठेच नाही. नुसता उचलायचा."

त्याने जरा विचार केला. "मग परत तिथेच ठेवा," तो म्हणाला, "तो कपडे धुवायचा आहे."

मी ठेवला. वैशाली हसून हसून वाळूत बसली. माय हसत नव्हती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले आणि इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले. "माय, माले भरेल बादलीनं बी भ्याव वाटस. त्या भ्यावना माले कटाळा उना. हात फाटना ते फाटू दे, पन भ्याव नको."

ती तलावाकडे बघतच म्हणाली, "माले काय भ्याव वाटत नही का?" मी तिच्या मांडीवर हात ठेवला. आम्ही दोघी एकाच दुखण्याला भीत होतो, आणि ते दुखणं केव्हाच गेलं होतं. परतीच्या वाटेवर, शहाद्याच्या पुढे कुठेतरी, मायने पुढे गाडी चालवणाऱ्या भूषणला विचारलं, "तो दोर कसाना व्हता?"

"जुना व्हता," भूषण म्हणाला.

"मंग झोकाना दोर लेवा ना. तो तुटाव नही."

भूषणने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

सकाळी उन्हं चढायच्या आत मी कडुलिंबाखाली गेले तर संगी झोक्यावर ठाण मांडून बसलेली. बाकीच्या बायकाही होत्या. दोर हवाय म्हटल्यावर तिने झोका थांबवला पण खाली उतरली नाही.

"दोर आमना शे," ती म्हणाली. "दोर लई जाशी ते आम्हले बी लई चाल."

म्हणजे काय, ते कळायला मला वेळ लागला. भूषणने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, या वेळी गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर, आणि बायका नवी लुगडी, साड्या सावरत ट्रॉलीत चढल्या. संगी, वैशाली, आळीतल्या माहेरवाशिणी. मी काकुळतीला आले. रिकामा ट्रॅक्टर हलला नव्हता, आणि आता ही वरात. पण तिकडे धूळ होती, इकडे पायाला पकड होती. नवशिक्यांनो, जमीन आधी बघा, ताकदीचं नंतर. गाडीवर ब्रेक लावणारा जाणता माणूस हवाच, आणि एकट्याने हे कधीही करू नका.

सगळ्यात शेवटी माय आली. पदर खोचला आणि ट्रॉलीत अगदी पुढे जाऊन बसली.

"मी म्होरे बससू," तिने भूषणला बजावलं. "मांगे ध्यान ठेव. मी हात वर करा का तू ब्रेक दाबजो."

मी पाठमोरी होते. पट्टा बांधला, जिमच्या सवयीने पकडीसाठीचा खडू हाताला चोळला, वाकले. हिसका द्यायचा नाही, नुसतं पुढे कलून आपलं सगळं वजन दोरावर टाकायचं आणि वाट बघायची. दोर ताणला. झोक्यावर घासून घासून तो गुळगुळीत झाला होता. काहीच हलेना. मागे बायकांची आखाजीची गाणी चालू होती, तीही थांबली. मांड्या थरथरायला लागल्या. कमरेत जुन्या जागी ताण आला आणि मला वाटलं, आता कळ येणार. मी वाट बघितली. कळ आली नाही. तो ताण म्हणजे फक्त माझे स्नायू काम करत होते. मला त्यांची ओळखच राहिली नव्हती.

मग पट्टा किंचित सैल झाला. मागची चाकं फिरली होती. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, अगदी बोटभर अंतराचं. बायका पुन्हा गायला लागल्या. एकदा गाडी सुटली की थांबायचं नसतं, म्हणून मी थांबले नाही. दुधाच्या डेअरीपर्यंत नेलं आणि तिथे रस्त्यावरच बसकण मारली. मी रडत होते, ते लपवलंही नाही. संगी सर्वात आधी उतरली आणि म्हणाली, दोर परत बांधून दे.

घरी आल्यावर वैशालीने चहा देता देता हळूच सांगितलं, "गाडी हाली नव्हती ना, तवय सासूबाईस्ना हात वर जाई ऱ्हायंता, ताई. डावा हातमा त्यास्नी तो धरी ठेवा."

मी मायकडे पाहिलं. ती आमचूर निवडत होती.

परतीच्या दिवशी नंदुरबारच्या स्टँडवर भूषण नेहमीप्रमाणे माहेरची गोणी गाडीत चढवायला निघाला. आमच्याकडची दादर, म्हणजे भाकरीची खानदेशी ज्वारी. दुखण्यानंतर मी या गोणीला कधी हात लावला नव्हता, नाशिकला उतरवून घ्यायलाही हमाल पाहावा लागे. मायने त्याचा दंड धरला.

"तू ऱ्हाऊ दे, भूषण. तिनी ती लई जाई."

मी गोणी छातीशी धरली आणि एसटीच्या पायऱ्या चढले. कंडक्टर म्हणाला, मागे ठेवा ताई, वाटेत नको.

घरी तिसरा मजला, लिफ्ट नाही. गोणी मीच वर नेली आणि त्याच दिवशी बाईंना फोन करून स्पर्धेत नाव द्यायला सांगितलं. या सहलीतून काय राहिलं म्हणाल, तर तळहातावरचे चट्टे राहिले, डब्यात आमचूर राहिला, आणि बादली आता काठोकाठ भरते. रोज सकाळी दादरची गोणी कवेत घेऊन गच्चीवर चालते. पण भाकरी तिच्यातूनच होतात, त्यामुळे व्यायाम दिवसेंदिवस सोपा होत चालला आहे. परवा मायचा फोन आला.

"दादर सरनी का?"

"सरी ऱ्हायनी, माय. आते धाडशी ती मोठी गोनी भर."

बोलून गेले खरी. वाटलं, झालं, जुनं सगळं पुन्हा सुरू होणार.

"मोठी नको," ती म्हणाली. "सारख्या दोन धाडसू. एक एक हातमा धर, म्हंजे कंबर वाकडी व्हवाव नही."