गाडीला आलेले काटे

माझं नाव उदयसिंह. उंची पाच फूट दोन इंच. नाव ठेवताना वडिलांनी पुढचा अंदाज घेतला नव्हता. ते साताऱ्याहून येऊन वाशीच्या मार्केटात पोती वाहायचे आणि मुलाच्या पाठीवर ओझं नको, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते मी पुरं केलं. मी ओझं भिंतीवर देतो. बावीस वर्षं घणसोलीपासून बेलापूरपर्यंत लोकांच्या घरात कपाटं, आरसे, गिझर लावतोय. कार्डावर ‘वॉल फिटिंग स्पेशालिस्ट’ असं छापून घेतलंय. कोणी सांगितलं नव्हतं.

पावणे एमआयडीसीत गाड्यांच्या बॉड्या बांधणारे ज्योतिबाशेठ आहेत. त्यांचा फोन आला, “मोटरहोम आलंय. आतलं फिटिंग करशील का?”

“लय केलीत,” मी म्हणालो. फोन ठेवला आणि मोटरहोम म्हणजे काय ते मोबाइलवर बघितलं.

ती एक जुनी मिनीबस होती. सीटा काढून आत पलंग, ओटा आणि बेसिन बसवलेलं. मालक नेरुळचे अब्दुल्लाचाचा आणि करिमुन्निसाचाची, मूळचे श्रीवर्धनकडचे. चाचा तीस वर्षं मालवाहू जहाजांवर कुक होते. एवढी वर्षं चाची घरी दोन मुली वाढवत बसल्या. आता चाचा रिटायर झाले आणि चाचींनी जाहीर केलं, “जग तुम्ही बघितलंत. आता मी बघणार. आणि हॉटेलातल्या गादीवर मी झोपायची नाय.”

मला ओट्यावरची कपाटं, फळ्या, आरसा आणि घडीचं टेबल लावायचं होतं. चाचा हळूच म्हणाले, “भिंत पातळ आहे हां. जहाजावर आम्ही काय करायचो—”

“चाचा, टेन्शन नको. भिंत ती भिंत.”

ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. मला वाटलं, हात बसलाय आपला. दोन इंची स्क्रू, एकूण चोवीस, रांगेत पिळले. मागे सरून कौतुकाने बघत होतो तेवढ्यात बाहेरून चाचींची हाक आली.

“उदय, जरा बाहेर ये.”

बाहेर आलो. नव्या पांढऱ्या रंगाच्या पत्र्यातून चोवीस टोकं बाहेर आली होती. एकात चाचींची ओढणी अडकली होती.

“गाडीला काटे आले,” त्या म्हणाल्या.

तिथेच माफी मागायला हवी होती. पण माझ्या तोंडून काय निघावं? “असंच असतं चाची. टोकं नंतर कापायची.”

“मग पावसाचं पाणीपण नंतरच आत येईल ना?”

ज्योतिबाशेठ इतके हसले की पलीकडच्या वेल्डरने काय झालं ते ऐकायला मशीन बंद केलं. दोन दिवस मी भोकं बुजवत बसलो. ही भिंत म्हणजे बाहेर पत्रा, आत पातळ प्लायवूड आणि मध्ये फोम. आधार फक्त आतल्या लोखंडी पट्ट्यांचा. त्या शोधायलाही चाचीच पुढे आल्या. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन त्या प्लायवूडवरून फिरवायच्या आणि ते ओढलं गेलं की पेन्सिलीने फुली मारायच्या. स्पेशालिस्ट फुलीवर आखूड स्क्रू मारत गेला.

गेलेली अब्रू मी स्पिरिट लेव्हलने परत मिळवायची ठरवली. अख्खा दिवस एकेक फळी तोलून लावली. बुडबुडा बरोबर मध्यात. चाचांना बोलावून दाखवलासुद्धा.

मग ज्योतिबाशेठनी बस शेडमधून रस्त्यावर काढली. चाचींनी मधल्या फळीवर एक टोमॅटो ठेवला. तो घरंगळत ड्रायव्हरकडे गेला आणि टपकन खाली पडला. शेडची जमीन पाणी वाहून जावं म्हणून गटाराकडे उतरती होती. माझ्या फळ्या जगाशी सरळ होत्या, फक्त गाडीशी नव्हत्या.

मी खाली बसलो. चाचा शेजारी येऊन बसले.

“जहाजावर लेव्हल लावत नाहीत रे. पायाखालच्या तक्त्यापासून टेपने मोजायचं. तो हलला की सगळं एकदम हलतं. चार दिवस तेवढंच सांगायचं होतं.”

“मग सांगायचं ना, चाचा!”

“तू बोलत होतास.”

चाचांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं. फळ्यांना पुढून बोटभर उंच पट्ट्या मारल्या, कपाटांना खटके बसवले. रविवारी ट्रायलला निघालो. गाडी चाची चालवणार हे मला चढल्यावर कळलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकल्या होत्या. मी मागे पलंगावर बसून प्रत्येक स्क्रूकडे बघत होतो. पारसिक हिलच्या चढावर कपाटं गप्प. वळणावर आरसा गप्प. उतारावर चाचींनी स्पीडब्रेकर जरा मनापासून घेतला आणि पूर्ण गाडीत एकच वस्तू जागेवरून सुटली. ती मी होतो. कोपर ओट्याला आणि डोकं बेसिनखाली.

“फळ्या ठीक आहेत ना?” पुढून चाचींनी विचारलं.

“ठीक आहेत,” मी बेसिनखालून म्हणालो.

बेलापूरला गाडी उभी करून चाचांनी चहा केला. कप एकही फुटला नव्हता. पुढच्या आठवड्यात ते गोकर्णला गेले. चाची अजून फोटो पाठवतात. समुद्र क्वचितच असतो, बहुतेक फोटो फळ्यांचे असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘हलली नाय.’

त्यानंतर मला तीन मोटरहोमं मिळाली. आता मालकाने तोंड उघडलं की मी ड्रिल बाजूला ठेवतो आणि गप्प ऐकतो. दोन मिनिटं तरी. त्याहून जास्त अजून जमत नाही.