तुळसाबाईंच्या होडीची बैठक

जायचं ठरलं ते उस्तादांच्या गुडघ्यांमुळे. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-दहा वर्षं झाली होती, मी बाविशीचा, शेगावात त्यांच्या वर्कशॉपात फिटर. मोताळ्याजवळच्या नळगंगा धरणावर मासे धरणाऱ्या हरिभाऊंना एका साहेबाची गळ टाकायची जुनी ॲल्युमिनियमची होडी मिळाली होती. आतलं सामान मात्र गायब. हरिभाऊंनी सुतळीला गाठी मारून मापं आणली आणि फुटकी पातेली वितळवून आम्ही एकेक भाग ओतला. बसवायला जायची वेळ आली तेव्हा उस्ताद म्हणाले, “तूच जाय बे, माह्यानं चालनं होत नाही.” माझी छाती दोन इंच फुगली.

सगळे भाग पोत्यात भरले. शेगाव ते मलकापूर पॅसेंजर, पुढे बुलढाण्याची एसटी. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, “काय हाय यात?”

“होडी.”

“मंग एसटीत काऊन? पाण्यातून जाय ना!”

तुम्ही जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि मोताळ्यात पोटभर खाऊन घ्या. काठावर तेव्हा काही मिळत नसे. मला हरिभाऊंच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, भाकरी आणि मासोळीचं जहाल कालवण वाढलं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दोनदा घेतलं.

दिवसभर रिवेट ठोकले. पुढच्या निमुळत्या टोकाला हरिभाऊंनी उभं राहून जाळं फेकायची फळी, मध्ये तुळसाबाईंची बैठक, दोन्ही काठांवर वल्ही अडकवायच्या कड्या. तुळसाबाई बसल्या, वल्ही धरली, मागे वळून फळीवरच्या हरिभाऊंकडे पाहिलं आणि सरळ उतरल्या.

“मी नाही जात.”

“काऊन?” मी विचारलं.

“यायच्याकडं पाठ होऊन राह्यली माही.”

मी शहाणपणा केला. “बाई, वल्ही मारनाऱ्याची पाठ पुढंच असते. साहेब लोकाइची रीतच हाय तशी.”

“माहा दीर लाकडाच्या ताफ्यावरून पान्यात पडून बुडाला तवा मी तोंड फिरवून बसली होती,” त्या म्हणाल्या. “आवाजबी नाही आला, भाऊ. मले हे दिसाले पायजे.”

एकानं जाळं फेकायचं तर दुसऱ्यानं होडी धरावी लागते. त्या आल्या नाहीत तर होडी काठावर पालथीच पडणार होती. आधी मला राग आला, मग लाज वाटली. सुतळीच्या गाठी मी तीनदा मोजल्या होत्या, पण कोण कुठे बसणार हे एकदाही विचारलं नव्हतं.

सगळे रिवेट कापले. फळी मागच्या चपट्या टोकाला नेली, म्हणजे वल्ही मारताना हरिभाऊ समोर. मागे वजन झालं म्हणून पुढच्या टोकात दगड ठेवले. कड्याही सरकवल्या.

सकाळी तुळसाबाई बसल्या, वल्ही धरली. होडी कुठे चाललीय हे त्यांना दिसत नव्हतं. हरिभाऊ हातानं डावं-उजवं दाखवत आणि त्या वळवत. तुळसाबाईंची नजर हरिभाऊंवरून हलली नाही.

शेगावला परतलो. आमच्या वर्कशॉपात माझं कामाचं टेबल भिंतीकडे तोंड करून होतं आणि माझ्या पाठीमागे उस्ताद लटपटत्या गुडघ्यांवर वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचे. पहारी लावून मी ते टेबल फिरवलं.

“काऊन बे?” उस्ताद म्हणाले.

“उजेड नाही येत तिकडं,” मी म्हणालो. खिडकी तर त्याच भिंतीला होती.