दोन पुनवांचा साबण

मे महिन्याच्या उकाड्यात देवबागला कशाला गेलीस, असं विचारणाऱ्यांना एकदाच सांगते: साबण करायला.

माझ्या नऊ वर्षांच्या ईशाच्या कोपरांवर इसब आहे. शाळेत तिच्या बाकावर कुणी बसेना. डॉक्टरांचं मलम चालूच होतं, पण जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ती कोपरं स्वच्छ दिसायलाच हवीत, असं मी डोक्यात घेतलं. ऑफिसातली अ‍ॅग्नेस म्हणाली, तिची देवबागची मावशी फिलूबाय घरी साबण करते, वाडीतल्या मासेवाल्या बायका हात फुटले की तोच नेतात. झालं, तिसऱ्या दिवशी मी आणि ईशा जुन्या मारुतीत.

पुण्याहून पहाटे निघालात तर कोल्हापूरला नाश्ता होतो. करूळ घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा. कसालला इकडे-तिकडे न बघता मालवणचा रस्ता धरा. मी तर कुठेच थांबले नाही. ईशाला लघवीला थांबायचं होतं, तेही मी "पुढच्या गावात" म्हणत दोन गावं ढकललं. देवबागला चारशे रुपयांत साधी, समुद्राजवळची खोली मिळाली. साठ रुपयांच्या थाळीत बांगडा आणि हवी तेवढी सोलकढी. समुद्र फार सुंदर होता म्हणे. मी फिलूबायचं घर शोधत होते.

फिलूबाय निवृत्त शाळामास्तरीण. तिने परसात चूल पेटवून कडुलिंबाच्या पाल्याचा काढा केला, तो गार होईपर्यंत आम्हाला घावणे खाऊ घातले. मग गार काढ्यात जपून कॉस्टिक सोडा सोडला, ईशाला लांब उभं केलं. त्यात घाण्याचं खोबरेल, कोरफडीचा गर आणि होडीला लावतात ते उंडीचं तेल घातलं. होडीला तेल चोपडणाऱ्यांचे हात कधी फुटत नाहीत, हे तिच्या आईने हेरलं होतं. तासभर घोटून मिश्रण सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात ओतलं. दुसऱ्या दिवशी दोऱ्याने वड्या कापून मांगरात, म्हणजे परसातल्या कोठारात, पेंढ्यावर मांडल्या.

मी विचारलं, कधी वापरायचा?

"दोन पुनवा जाऊक व्हयत," ती म्हणाली. "जिभेक चावलो तर समज, अजून हिरवो आसा. अढीत घातलेलो आंबो दुसऱ्या दिवशी खातंस काय गो?"

दोन पौर्णिमा म्हणजे जुलै. शाळा तोवर सुरू झालेली. मी हो म्हटलं आणि मान डोलवली. मग ती बाजारात गेल्यावर मांगरात जाऊन एका वडीचा तुकडा रुमालात गुंडाळला आणि खोलीवर ईशाच्या कोपराला चोळला. इतकी पानं-फुलं घातलेल्या साबणाने काय होणार, असा माझा शहाणपणा.

ईशा किंचाळली. कोपर लालभडक झालं.

मी तिला उचलून फिलूबायच्या विहिरीवर धावले. बाजारातून परतलेल्या म्हातारीने कितीतरी वेळ कळशीने पाणी ओतलं. आग थांबल्यावर तिने ईशाचा हात मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"खाज चेडवाक आसा," ती म्हणाली, "पण थारो नाय तो तुका."

खाज पोरीला, पण धीर नाही तो मला; ऐकून रडू आलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मालवणला डॉक्टरांना कोपर दाखवलं, वरवरचं भाजलंय म्हणाले. जाताना माझ्या शेजारी बसलेली ईशा परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर बसली. या वेळी मी दर गावात थांबले.

फिलूबायने दिलेल्या सहा वड्या ईशाने स्वतःच पुस्तकांच्या कपाटावर मांडल्या. दुसरी पौर्णिमा उलटली त्या दिवशी मी तांब्या-घंगाळ घेऊन आले. ईशाने वडीला जीभ लावली, मग ती माझ्यापुढे धरली. मीही लावली. चावली नाही.

"आता तू हात धू," ती म्हणाली. "मी उद्या बघेन."

मी धुतले. दुसऱ्या दिवशी तिने माझे हात उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट तपासले आणि मग कुठे आपली बाही वर केली.

बरं झालं का, असं विचाराल. इसब गेलेलं नाही, मलम चालूच आहे. खाज थोडी सौम्य वाटते म्हणते. शाळेत अजून पूर्ण बाह्यांचा शर्टच घालते. पण आता घरात काहीही नवं आणलं, अगदी डॉक्टरांनी दिलेलं, तरी ती आधी माझा हात मागते. मी देते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबते.